नियम पाळूनही अन्याय कसा होतो? माणूस आणि व्यवस्था यांकडे पाहण्याची ख्रिस्ती दृष्टी

कायदा चांगला असतो, समिती नेमलेली असते, कागद पूर्ण असतात, सह्या जागच्या जागी असतात. तरीही ज्याच्यासाठी हे सगळे उभे केले, नेमका तोच भरडला जातो. असे का होते, याची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. माणसे वाईट आहेत, ती सुधारा. किंवा व्यवस्था वाईट आहे, ती बदला. ख्रिस्ती विश्वासाला ही दोन्ही उत्तरे अर्धी वाटतात, आणि का अर्धी वाटतात हे बायबलमध्ये बरेच तपशिलात आले आहे. पापाची शिकवण म्हणजे खासगी वर्तनाची गोष्ट, असा समज फार पसरला आहे. पण बायबल उघडले की राजा, साक्षीदार, कर्ज, जमीन, वजनमाप आणि वर्गणीचा हिशेब हे विषय पानोपानी भेटतात.

माणसाविषयी दोन विधाने

पहिले विधान बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आहे: देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा घडवले, नर आणि नारी अशी ती घडवली. हे किती धाडसाचे होते ते त्या काळाकडे पाहिल्यावर कळते. प्राचीन मेसोपोटेमिया आणि इजिप्तमध्ये देवाची प्रतिमा म्हणून गौरव व्हायचा तो राजाचा. उत्पत्तीने तोच मान गुलामाला, विधवेला, परक्याला, सगळ्यांना दिला. नवव्या अध्यायात खुनाला मनाई करताना कारणही हेच दिले आहे.

दुसरे विधान तिसऱ्या अध्यायात येते, त्याला पतन म्हणतात. सर्पाच्या सांगण्यावरून आदाम आणि हव्वा हे पहिले जोडपे देवाने मना केलेले फळ खाते. सगळ्यांचे लक्ष त्या फळाकडे जाते, पण खरा मजकूर फळ खाल्ल्यानंतरचा आहे. दोघे लपतात. देवाने विचारल्यावर आदाम स्त्रीकडे बोट दाखवतो आणि ती तूच दिलीस असे म्हणून देवालाही गुंतवतो. स्त्री सर्पाकडे बोट दाखवते. चूक, लपवणे आणि दोष ढकलणे या तीन पायऱ्या पुढे प्रत्येक संस्थेच्या पडझडीत सापडतात.

चौथ्या अध्यायाकडे फार कमी लोक लक्ष देतात. आदामाचा मुलगा काइन भावाचा खून करतो आणि नंतर एक नगर वसवतो. बायबलमधले पहिले शहर खुन्याने बांधलेले आहे. त्याच वंशात पुढे युबाल येतो, वाद्ये वाजवणाऱ्यांचा मूळ पुरुष; तुबल-काइन येतो, तांबे-लोखंडाची हत्यारे घडवणारा; आणि लामेख येतो, जो सत्त्याहत्तरपट सूड घेण्याची बढाई मारतो. संगीत, धातुकाम आणि सूड एकाच घरात वाढतात. संस्कृती वाईट आहे असे इथे कुठेच म्हटलेले नाही, आणि ती निर्मळ आहे असेही नाही.

पतन म्हणजे प्रत्येक माणूस होता होईल तितका वाईट आहे, असा अर्थ कोणत्याही मुख्य ख्रिस्ती परंपरेने घेतलेला नाही. अर्थ असा की माणसाचा एकही कोपरा त्यापासून सुटलेला नाही. बुद्धी, इच्छा, प्रेम आणि धर्मभावनासुद्धा. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस या धर्मशिक्षकांची शिकवण अशी होती की माणूस स्वतःच्या इच्छाबळाने चांगला राहू शकतो. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी उत्तर दिले की इच्छाच वाकलेली आहे: माणूस प्रेम करतो, पण प्रेमाचा क्रम चुकवतो आणि स्वतःला वरच्या जागी बसवतो. कार्थेजच्या धर्मसभेने ४१८ साली पेलागियस यांची मते नाकारली. पतनाची खोली किती, यावर मतभेद राहिले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या (चर्च) वारशाने आलेल्या दोषापेक्षा मर्त्यपणावर आणि बिघाडावर भर देतात. कॅथलिक परंपरा स्वभाव जखमी झाला असे म्हणते. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन यांची परंपरा त्याहून कडक बोलते. व्यवस्थांच्या प्रश्नापुरते मात्र सगळे एका जागी येतात: जो कायदा करतो, जो राबवतो आणि जो त्यावर देखरेख ठेवतो, ते तिघेही त्याच मातीचे आहेत.

नाबोथाचा मळा: प्रक्रिया बिनचूक, निकाल खून

चांगली व्यवस्था आतून कशी पोखरली जाते, याचे सगळ्यात नेमके वर्णन १ राजे, अध्याय २१ मध्ये आहे. ते सावकाश वाचण्यासारखे आहे.

इज्रेल नगरात इस्राएलचा राजा अहाब याच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीपाल्याची बाग हवी होती. त्याने बदल्यात याहून चांगला मळा किंवा पैसे देऊ केले. वरवर पाहता सौदा वाजवी होता. नाबोथ नाही म्हणाला, कारण वडिलोपार्जित वतन कायमचे विकू नये असे लेवीय या नियमपुस्तकाचा अध्याय २५ सांगतो (पुढे येणारी निर्गम, अनुवाद आणि गणना हीही बायबलमधली नियमांची पुस्तके). राजा रुसून अंथरुणावर पडला आणि जेवेना. राणी ईजबेल म्हणाली, उठा, जेवा, मळा मी मिळवून देते.

आता तिने काय काय वापरले ते पाहा. राजाच्या नावाने पत्रे लिहिली आणि त्यांवर राजाची मोहोर लावली. पत्रे गेली ती नगरातल्या वडीलधाऱ्यांकडे आणि सरदारांकडे, म्हणजे कायद्याने योग्य अशा लोकांकडे. उपास जाहीर करायला सांगितला, म्हणजे धर्माची चौकट आली. नाबोथाला लोकांसमोर मानाच्या जागी बसवायला सांगितले, म्हणजे सुनावणी उघड झाली. आरोप ठेवला देवाला आणि राजाला शाप दिल्याचा. निर्गम २२ मध्ये त्याला मनाई आहेच. साक्षीदार दोन उभे केले, कारण एकाच्या साक्षीवर कोणाला मृत्युदंड देऊ नये असा अनुवाद १७ चा नियम आहे. शिक्षा नगराबाहेर दगडमाराची, तीही शास्त्राला धरून.

निरपराध माणसाचे रक्षण करण्यासाठी केलेला दोन साक्षीदारांचा नियम इथे त्याला मारण्याचे साधन झाला. एकही पायरी गाळलेली नाही.

मग कायद्यात भोक कुठे होते? भोक नव्हते. अनुवाद १९ मध्ये साफ म्हटले आहे की न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी आणि साक्षीदार खोटा निघाला तर आरोपीला मिळणार होती तीच शिक्षा त्याला द्यावी. इथे चौकशी झालीच नाही, कारण चौकशी करणारे राजाच्या मेहेरबानीवर होते. आणि त्यांना काही ठाऊक नव्हते असेही नाही. पत्रे राजाच्या नावाने आली होती. काम झाल्याची खबर मात्र त्यांनी ईजबेलला पाठवली. कोणाचे काम आपण करतो आहोत हे त्यांना नीट माहीत होते. २ राजे ९ मध्ये नाबोथाबरोबर त्याच्या मुलांच्या रक्ताचाही उल्लेख येतो. वारसच उरले नाहीत, तेव्हा जमिनीवर हक्क सांगायला कोण येणार?

अहाबाने यात काय केले? काहीच नाही. त्याने हुकूम दिला नाही, सही केली नाही, विचारलेही नाही. मळा मोकळा झाला असे कळताच तो ताबा घ्यायला निघाला. एलीया संदेष्टा नेमका तिथे, मळ्यातच त्याला गाठतो, आणि खुनाचा आरोप थेट त्याच्यावर ठेवतो: तू खून केलास आणि वतनही बळकावलेस काय? फायदा घ्यायचा पण कसा झाला ते विचारायचे नाही, या वागण्याला बायबल निर्दोष ठरवत नाही. संस्थांमध्ये वरच्या खुर्चीवर बसलेल्यांचे हेच सगळ्यात मोठे पाप असते, असे आमचे ठाम मत आहे.

एलीया हे करू शकला, कारण तो दरबाराच्या भाकरीवर जगत नव्हता. लगेच पुढच्या अध्यायात अहाबाजवळ सुमारे चारशे संदेष्टे दिसतात. सगळे एका सुरात राजाला हवे ते सांगतात, आणि वेगळे बोलणाऱ्या मीखायाला तुरुंगात टाकले जाते. सल्लागारांची संख्या वाढली म्हणून सत्य ऐकू येत नाही. त्यातला एक तरी पगाराबाहेरचा असावा लागतो.

गट माणसापेक्षा कठोर का होतो

अमेरिकी धर्मतज्ज्ञ राइनहोल्ड नीबूर यांनी १९३२ मध्ये मांडले की एकटा माणूस दुसऱ्यासाठी स्वार्थ सोडू शकतो, पण राष्ट्र, वर्ग किंवा वंश हे क्वचितच तसे करतात. कारण साधे आहे. गटात जबाबदारी वाटली जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला इतकी थोडी येते की ती टोचत नाही. शिवाय गटाचा स्वार्थ निष्ठेच्या वेषात येतो. स्वतःसाठी खोटे बोलायला लाजणारा माणूस संस्थेचे नाव राखण्यासाठी निर्धास्तपणे खोटे बोलतो आणि त्याला त्याग समजतो. इज्रेलातले वडीलधारे घरी वाईट बाप होते, असे मानायचे काहीच कारण नाही.

दयाळू कायदा उलटतो तेव्हा

अनुवाद १५ मध्ये दर सातव्या वर्षी कर्जमाफी सांगितली आहे. लेवीय २५ मध्ये सात गुणिले सात वर्षांनंतर, पन्नासाव्या वर्षी, विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जाते. म्हणून जमिनीची किंमतही पुढच्या त्या वर्षापर्यंत किती पिके निघतील त्यावरून ठरवायची. खरे तर पिकेच विकली जातात, जमीन नाही. गरिबी एका पिढीच्या पलीकडे गोठू नये, हा हेतू त्यात स्पष्ट दिसतो.

अडचण कुठे येणार हे कायद्यालाच माहीत होते. सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरीब भावाला कर्ज नाकारू नकोस, असा इशारा त्याच अध्यायात आहे. झाले तेच. माफी जवळ आली की सावकार हात आखडता घेत. येशूच्या जन्माच्या सुमारास होऊन गेलेले थोर ज्यू शास्त्री हिल्लेल यांनी यावर प्रोझबुल नावाची तोड काढली: कर्जाची वसुली न्यायालयाकडे सोपवल्याचा लेख करायचा, म्हणजे त्या कर्जाला माफी लागू होत नाही. हेतू चांगला होता, गरिबाला कर्ज मिळावे. परिणाम असा की कर्ज मिळू लागले आणि माफी कागदावर राहिली. इथे खलनायक कोणी नाही. अनोळखी माणसासाठी नुकसान सोसायची तयारी कायदा मागू शकतो, निर्माण करू शकत नाही.

यिर्मया ३४ मधली घटना याहून कडू आहे. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेमला वेढा घातल्यावर तिथल्या सिद्कीया राजाने करार करून इब्री दासदासींना मुक्त केले. इजिप्तचे सैन्य निघाले म्हणून वेढा उठला, आणि धोका टळताच मालकांनी त्याच माणसांना पुन्हा गुलाम केले. भीतीपोटी केलेली सुधारणा भीती असेपर्यंतच टिकते.

यरुशलेममधली तक्रार

पहिल्या ख्रिस्ती मंडळीचे वर्णन करताना लोक प्रेषितांची कृत्ये, अध्याय २ आणि ४ वाचतात: सगळे एकमनाचे, मालमत्ता सामाईक, कोणालाच उणे नाही. पाचव्या अध्यायात मात्र हनन्या आणि सप्पीरा जमीन विकून रकमेचा काही भाग ठेवून घेतात आणि सगळी दिल्याचे भासवतात. ठेवून घेण्यात गुन्हा नव्हता. विकल्यावरही पैसा तुझाच होता, असे येशूचा शिष्य पेत्र स्पष्ट म्हणतो. दोष दिखाव्याचा होता. औदार्याला मान मिळू लागला की औदार्याचे सोंगही येते.

सहाव्या अध्यायात खरी व्यवस्थेची अडचण उभी राहते. रोजच्या अन्नवाटपात ग्रीकभाषी विधवांकडे दुर्लक्ष होते. कोणी मुद्दाम केले असे मजकूर सांगत नाही. वाटणारे आणि मागणारे यांची भाषा वेगळी असली की दुर्लक्ष आपोआप होते.

प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, काय केले, ते पायरीपायरीने पाहण्यासारखे आहे. तक्रार करणाऱ्यांना फूट पाडणारे ठरवले नाही. सगळ्यांना एकत्र बोलावले. वाटपाचे काम आपल्या हातात न ठेवता सोडून दिले. सात जण निवडायला सांगितले आणि निवड लोकांवर सोपवली. अटी तीन: नाव चांगले असावे, पवित्र आत्म्याने भरलेले असावे, शहाणपण असावे. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव ही निवडलेली सातही नावे ग्रीक आहेत. ज्या गटाला डावलले गेले, बहुधा त्याच गटातल्यांच्या हाती वाटप गेले. पुढे जास्त प्रार्थना करा, जास्त प्रेम करा, एवढे सांगून प्रेषित थांबू शकले असते. पवित्र आत्म्याने भरलेल्या मंडळीलाही त्यांनी रचना बदलायला लावली.

पैशाच्या बाबतीत प्रेषित पौलही तितकाच सावध आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी तो एकट्याने नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो आणि कारण सांगतो (करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८): या रकमेबद्दल कोणी बोट ठेवू नये, आणि देवाच्या नजरेतच नाही तर माणसांच्या नजरेतही व्यवहार चोख दिसावा. आमच्यावर विश्वास नाही का, असा प्रश्न हिशेब मागणाऱ्याला विचारणाऱ्यांनी हा उतारा जरूर वाचावा.

मंडळीची स्वतःची पडझड

पाप सर्वांत आहे असे शिकवणारी मंडळी स्वतःच्या नेत्यांना मात्र त्यातून वगळते, तेव्हा ती इतर संस्थांहून धोकादायक होते. दक्षिण आफ्रिकेत केपच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८५७ च्या सिनडने (धर्मसभेने) ठरवले की सर्व वर्णांच्या लोकांनी एकत्र उपासना करणे इष्ट आणि शास्त्राला धरून आहे. पण काहींच्या दुबळेपणामुळे अडचण येत असेल तिथे वेगळी उपासना चालेल. हे दुबळे म्हणजे सोबत बसायला तयार नसलेले गोरे सभासद. १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी वेगळी मिशन मंडळी उभी राहिली. १९४८ पासून वंशभेद हे सरकारी धोरण झाले आणि धर्मतज्ज्ञ त्याला बायबलचे आधार शोधून देत राहिले. सवलतीची सोय झाली, सोयीचा नियम झाला, नियमाचे धर्मशास्त्र झाले. त्याच मिशन मंडळीने १९८२ मध्ये बेल्हार कबुलीचा (विश्वासाच्या जाहीर निवेदनाचा) मसुदा केला आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला; त्यात अशा सक्तीच्या विभाजनाला विश्वासाच्या आधारावर नकार आहे. खोटे धर्मशास्त्र ज्यांच्यावर लादले गेले, त्यांनीच ते दुरुस्त केले.

लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांतही असाच साचा आहे. आरोप आला की आधी संस्थेची बदनामी टाळायची, आरोपीची बदली करायची, चौकशी घरातच ठेवायची आणि पीडितेला क्षमा करायला सांगायची. यासाठी वचनेही वापरली जातात. मत्तय १८ मध्ये, भावाने अपराध केल्यास आधी एकांतात त्याच्याशी बोल, असे आहे. ते भावाभावांसाठी आहे. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्यासमोर मुलाला एकटे पाठवण्यासाठी नाही. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात, मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे नेत्यांवरचा, आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये, असे आहे. हे वाक्य फार ऐकवले जाते. लगेच पुढचे वाक्य, पाप करणाऱ्यांना सर्वांसमोर दोष दे, हे ऐकवले जात नाही. कॅथलिक चर्चने मे २०१९ मध्ये धर्मगुरू आणि व्रतस्थांना अशा तक्रारी चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक केले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या प्रकरणांवरची पोपची गुप्ततेची अट काढून टाकली. हे आधीच व्हायला हवे होते.

क्षमा आणि जाब हे दोन वेगळे व्यवहार आहेत. गणना ५ प्रमाणे अपराध कबूल करणाऱ्याने पूर्ण भरपाई द्यायची आणि वर पाचवा हिस्सा जोडायचा. जक्कय जकातदार येशूला भेटल्यावर अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि फसवलेल्यांना चौपट परत करतो. अहाबाने गोणपाट नेसून पश्चात्ताप केला आणि शिक्षा लांबली, पण मळा परत दिल्याचे कुठेही लिहिलेले नाही.

मग व्यवस्थेकडून किती अपेक्षा ठेवायची

दोन टोके टाळावी लागतात. मने बदला, कायद्याने काही होत नाही, असे म्हणणारा ख्रिस्ती माणूस अनुवाद १७ विसरतो. तिथे राजाने फार घोडे, फार बायका आणि फार सोनेचांदी जमवू नये, नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि ती आयुष्यभर वाचावी, असे आहे. म्हणजे सैन्य, लग्नातून जुळणारी राजकीय नाती आणि खजिना या सत्तेच्या तिन्ही वाटांना आधीच कुंपण घातले आहे. दुसऱ्या टोकाला निर्दोष व्यवस्थेचे स्वप्न आहे. रोमकरांस पत्र १३ मध्ये सत्ता देवाची सेवक आहे. प्रकटीकरण १३ मध्ये तीच सत्ता, स्वतःची पूजा मागू लागल्यावर, श्वापद होते. जर्मनीत नाझी राजवटीत काही ख्रिस्ती मंडळ्यांनी केलेल्या १९३४ च्या बार्मेन घोषणेने हीच रेघ ओढली: न्याय आणि शांतता राखणे हे राज्याचे काम आहे, पण माणसाच्या संपूर्ण जीवनाची एकमेव व्यवस्था होण्याचा हक्क त्याला नाही. पोप पायस अकरावे यांनी १९३१ मध्ये याच्याशी जुळणारे तत्त्व मांडले होते की लहान समूह जे काम स्वतः करू शकतो, ते मोठ्याने त्याच्याकडून काढून घेणे अन्याय आहे.

कृपेची शिकवण इथे थेट उपयोगी पडते. चूक कबूल केली की सर्वस्व गेले, अशी स्थिती असेल तर माणूस लपवणारच, आणि लपवणाऱ्यांची संस्था बनणारच. आपले मोल निर्दोष असण्यावर नाही तर देवाच्या दयेवर उभे आहे, असे खरोखर मानणारा माणूस परिणाम भोगायच्या तयारीने चूक सांगू शकतो. पण ते सांगायला जागा, दिवस आणि पद्धत ठरलेली हवी. लेवीय ४ मध्ये नकळत घडलेल्या पापाच्या अर्पणांची यादी आहे. अभिषिक्त याजक (पुरोहित) चुकला तर गोऱ्हा. सगळी मंडळी चुकली तरी गोऱ्हाच. अधिकारी चुकला तर बोकड, सामान्य माणूस चुकला तर बकरी किंवा मेंढी. पुढच्या अध्यायात काही चुकांसाठी, ऐपत नसलेल्याला दोन पारवे चालतात, आणि तेही परवडत नसतील तर एफा या धान्यमापाचा दहावा भाग सपीठ. सगळ्यात महाग अर्पण याजकाचे आणि सगळ्या मंडळीचे आहे, आणि यादीत पहिले नाव याजकाचे आहे.